नव्या घराच्या गुळगुळीत भिंती

घर बांधणारा मनुष्य पाया खणतांना जितका सावध असतो तितका भिंतींना शेवटचा हात देतांना नसतो. पायाच्या वेळीं गांठीं पैसा असतो, उत्साह असतो, चार जाणत्यांस विचारण्याची सवडही असते. भिंतींचें अखेरचें काम करण्याची पाळी येते तेव्हां पैसा सरत आलेला असतो, भाड्याच्या घराचा मालक तगादा लावीत असतो, वास्तुशांतीचा मुहूर्त ठरलेला असतो, आणि घरांतील प्रत्येकजण 'आतां एकदां आंत जाऊं या' म्हणून उतावीळ झालेला असतो. अशा वेळीं एखाद्या संध्याकाळीं दुकानांत उभ्याउभ्या, दुकानदार दाखवील त्या नमुन्यावर बोट फिरवून, पुढील वीस-पंचवीस वर्षांचा निर्णय होऊन जातो. नमुन्याची फळी कोरडी असते, सावलींत असते आणि तिच्या खालीं वऱ्हाडची काळी माती नसते. आपल्या भिंतीच्या खालीं ती असते, एवढ्याचसाठीं हा लेख.

आमचे एक आप्त वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यांत, आसेगांव येथें, घर बांधीत आहेत. (१ जुलै १९९८ पूर्वीं हा मुलूख अकोला जिल्ह्यांत मोडत असे.) तिघे बंधु, त्यांचीं कुटुंबें व वृद्ध मातोश्री मिळून अकरा माणसांचें हें एकत्र घर. माघ महिन्यांत त्यांचें पत्र आलें. विटांचें काम उरकलें होतें, वरचें छत पडलें होतें, विजेच्या नळ्यांसाठीं भिंती खोदून झाल्या होत्या आणि आतां गिलाव्यास हात घालावयाचा होता. गांवचा गवंडी म्हणे, सिमेंटचा साधा गिलावा करूं आणि वर पांढरी पुट्टी ओढूं. शहरांतून आलेला कंत्राटदार म्हणे, विटेवर थेट जिप्सम लावूं. पाणी मारणें नको, महिन्याचें काम आठवड्यांत. मातोश्रींचें म्हणणें तिसरेंच. त्या लग्न होऊन ज्या घरीं आल्या तेथें नीरूच्या भिंती होत्या. भर वैशाखांत हात लावला तरी थंड लागत. त्याच कां नकोत? वास्तुशांत अक्षय्य तृतीयेस करावयाची, मातोश्रींस दम्याचा विकार, आणि शिल्लक रक्कम एकदांच खर्च करतां येईल एवढी. 'कोणाचें ऐकावें?' असा पत्राचा शेवट होता.

आम्हीं त्यांस जें उत्तर धाडलें त्याचें सार एका वाक्याचें होतें: भिंत वाळून स्थिर होईपर्यंत तिला घट्ट झांकूं नका. परंतु हें नुसतें सांगून भागत नाहीं. त्याचीं कारणें कळल्याखेरीज घरांतील दहा तोंडें गप्प बसत नाहींत. शिवाय आसेगांवास जें लागू तें बहुतेक सर्व वऱ्हाडास व मराठवाड्यासही लागू आहे, म्हणून तेंच येथें विस्तारानें देत आहों.

भिंत गुळगुळीत करण्याची विद्या या मुलखास नवी नाहीं. आजचें वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. या शाखेचा राजा हरिषेण पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत होऊन गेला, आणि त्याचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें करविलें, असें तेथील शिलालेखावरूनच समजतें. अजिंठ्यास जाऊन आपण रंग पाहतों, रेषा पाहतों. पण ज्या गिलाव्यावर तें चित्र बसलें आहे तो पाहण्याचें आपल्या मनांत येत नाहीं. तेथील कारागिरांनीं पाषाण घोटून गुळगुळीत केला नाहीं. टांकीच्या खुणांसह तो खडबडीतच ठेवला. त्यावर माती, दगडाची पूड, तूस, गवत व वनस्पतींचे तंतू यांचा जाड लेप, त्यावर अधिक बारीक कालवलेला दुसरा लेप, आणि सर्वांच्या वर कागदासारखा पातळ पांढरा हात. म्हणजे खालचें अंग जितकें खरखरीत, तितकें वरचें अंग त्यास धरून बसतें, आणि गुळगुळीत भाग हा सर्वांत पातळ असतो. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत म्हटलें आहे. त्यामुळें तेथें कीड कमी लागली असावी असें त्या संशोधकांचें मत आहे. सतराव्या शतकांत औरंगाबादेस (आजच्या छत्रपति संभाजीनगरांत) बिबीचा मकबरा झाला, त्यांत संगमरवर थोडा. भिंतींच्या खालच्या पट्ट्यास व घुमटास तो वापरला, आणि बाकीच्या भागास घोटीव चुन्याचा गिलावा करून संगमरवराचा भास आणला. पैसा अपुरा पडला म्हणजे गवंड्याच्या हातावर भिस्त ठेवावयाची, ही रीत बादशाही घराण्यांतही होती तर!

अजिंठ्याची ही गोष्ट आम्हीं केवळ अभिमानासाठीं सांगितली नाहीं. आज सिमेंट-काँक्रीटचे खांब व तुळया लोखंडी पत्र्यांच्या सांच्यांतून निघतात, ते आरशासारखे. गवंडी घाईंत असला म्हणजे त्यांवर तसाच गिलावा मारतो, आणि दोन वर्षांत नेमका तेथेंच तो पोकळ वाजूं लागतो. खांबास टाचे मारून तो खरबरीत करावा, विटांच्या सांध्यांतील माल ओला असतांनाच अर्धा इंच खोल खरडून ठेवावा, आणि वीट व काँक्रीट जेथें भेटतात तेथें तारेची जाळी ठोकून मग गिलावा करावा. ही जाळी स्वस्त असते व दिसत नाहीं, म्हणून ती प्रथम गाळली जाते. नव्या घरांत खांबाच्या कडेनें सरळ उभी जाणारी जी चीर दिसते ती बहुधा या गाळलेल्या जाळीची असते. तिच्यावर कितीही भारी पुट्टी ओढा, ती पुन्हां त्याच ठिकाणीं उगवते.

जुन्या मातीच्या घरांविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत. वऱ्हाडांत पांढऱ्या मातीच्या भिंती असत, आणि दिवाळीपूर्वीं त्या हातानें लिंपून पोतारीत. त्या भिंती गुळगुळीत नसल्या तरी हातास मऊ लागत, आणि तडा गेला तर एका दुपारांत बुजे. अलीकडे कांहीं लेखक त्या घरांचे फार गोडवे गातात. आमचा त्यांस एकच प्रश्न आहे: तें लिंपण कोण करीत असे? दरवर्षीं दसरा उलटला कीं घरच्या सुनांच्या कमरेचा कांटा ढिला होई, तेव्हां त्या भिंती तशा दिसत. मातीच्या भिंतीचा श्वास घेण्याचा गुण आम्हांस हवा आहे. तिची दरसालची वेठ नको.

आतां काळी माती. ही जमीन कपाशीस व सोयाबीनला जितकी मानवते तितकी घराला मानवत नाहीं. तींतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात व उन्हाळ्यांत आकसतात. चैत्र-वैशाखांत शेतांत ज्या हातभर भेगा पडतात त्या याच आकसण्याच्या. पाया मुरमापर्यंत नेला नाहीं तर घर वर्षांतून एकदां वर उचललें जातें व एकदां खालीं बसतें. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें अशा जमिनीसाठीं तळाशीं कंदासारखे फुगीर असे पायाचे खांब सुचविले, ते यासाठींच. आमच्या आप्तांनीं पाया मुरमावर घेतला आहे, ही समाधानाची गोष्ट. तथापि नवें घर पहिल्या पावसाळ्यांत थोडें तरी आपलें अंग सांवरून बसतेंच. जी चीर पडावयाची ती या पहिल्या वर्षांत पडते. ती साध्या गिलाव्यावर पडली तर कोरून बुजवितां येते. महागड्या गुळगुळीत थरावर पडली तर सबंध भिंत पुन्हां करावी लागते, कारण अशा भिंतीवरील ठिगळ दिव्याच्या उजेडांत हटकून दिसतें. चीर वाढते आहे कीं थांबली आहे, हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. तिच्यावर आडवी जिप्समची एक बोटभर पट्टी लावून तीवर तारीख लिहावी. पट्टी महिनोन् महिने अखंड राहिली तर चीर मेली; पट्टीस तडा गेला तर ती जिवंत आहे.

दुसरी गोष्ट ओलीची. नव्या भिंतींत दोन प्रकारची ओल असते. एक बांधतांना घातलेल्या पाण्याची. ती हळूहळू उडून जाते. दुसरी जमिनींतून वर चढणारी, किंवा पावसाच्या झोडीनें बाहेरून आंत येणारी. ती जात नाहीं, दरसाल येते. जोत्यावर ओल अडविणारा थर घातला नसेल तर विटा दिव्याच्या वातीप्रमाणें पाणी वर ओढतात, आणि त्याबरोबर आलेले क्षार भिंतीच्या तोंडाशीं येऊन पांढऱ्या लोण्याच्या रूपानें फुलतात. वर घट्ट थर असला तर हेच क्षार त्यास आंतून ढकलतात व पोपडे सुटतात. लोक म्हणतात, 'पुट्टी वाईट निघाली.' पुट्टी बिचारी काय करील? गिलाव्यास व त्यावर मारण्यास पाणीही गोडें हवें. विंधनविहिरीचें मचूळ पाणी दहा दिवस भिंतीवर मारणें म्हणजे लोण्याचें बीं आपल्याच हातानें पेरणें होय. भिंत वाळली कीं नाहीं हें पाहावयाचें असेल तर हात-दीड हात लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनीं चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा. दुसऱ्या दिवशीं आंतल्या बाजूस दंव धरलें असेल तर भिंत अजून ओली आहे. एवढी परीक्षा शाळकरी मुलगाही करूं शकेल. तीस ना इंजिनियर लागत, ना पैसा.

एवढें समजल्यावर तीन मतांकडे वळूं.

मातोश्रींचें मत प्रथम घेतों, कारण तें सर्वांत जुनें व आमच्या मतें सर्वांत शहाणपणाचें आहे. चुनखडी भट्टींत सुमारें ९०० अंशांवर भाजली म्हणजे तींतील कर्बाम्ल वायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलें कीं तो फसफसून उकळतो व फुलून लोण्यासारखा मऊ होतो. भिंतीवर लावल्यावर हाच चुना हवेंतील कर्बाम्ल वायु परत ओढून हळूहळू दगड बनतो. पूर्वीं चुना बैलाच्या घाणींत, गोल चरांत दगडी चाक फिरवून, वाळूबरोबर मळीत. त्यांत गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचें पाणी, ताग असलें कांहींबाही घालण्याचे निरनिराळे पाठ असत. ती घाणी गेली. परंतु बारीक गाळलेल्या विरलेल्या चुन्याचा पातळ हात सिमेंटच्या गिलाव्यावर देण्याची पद्धति मागें राहिली. तिलाच महाराष्ट्रांतील गवंडी नीरू म्हणतात, आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचींतही हा शब्द रूढ आहे. सिमेंटचा गिलावा रंध्यानें सारखा केला कीं तो ओला आहे तोंच त्यावर दाण्याएवढ्या जाडीचा नीरू चढवावयाचा आणि लोखंडी थापीनें दाबून, पुन्हां पुन्हां फिरून घोटावयाचा. चांगल्या हाताची नीरूची भिंत शंखाच्या आंतल्या अंगासारखी दिसते. ती भिंतीची वाफ कोंडून ठेवीत नाहीं, आणि चुना तीक्ष्ण असल्यामुळें नव्या नीरूवर बुरशी सहसा धरत नाहीं. दम्याच्या रोग्यास बुरशीहून दुसरा शत्रु नाहीं, हें लक्षांत घेतां हा गुण लहान नव्हे.

परंतु दोषही सांगितले पाहिजेत. नीरू हें पुड्यांतून निघणारें सामान नसून तो हाताचा गुण आहे, आणि ते हात आतां थोडे उरले. चुना नीट विरला नाहीं, न गाळतां वापरला, तर त्यांतील कच्चे कण महिन्या-दोन महिन्यांनीं भिंतींत फुलतात व देवीच्या व्रणांसारखे खळगे पडतात. म्हणून चुना निदान पंधरा-वीस दिवस पाण्याखालीं ठेवावा. जितका जुना तितका बरा. हौदावर झांकण असावें व मुलांस तेथें फिरकूं देऊं नये, कारण चुना डोळ्यांत गेला तर डोळा जाण्याचें भय असतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे नीरू करावयाचा हें गिलाव्यापूर्वींच ठरवावें लागतें. गिलावा वाळून गेल्यावर आठवण झाली तर उपयोग नाहीं.

कंत्राटदाराचें मत म्हणजे जिप्सम. या खनिजाचा आपल्या देशांतील मोठा सांठा राजस्थानांत आहे. तें दीडशें अंशांच्या आसपास भाजलें म्हणजे त्यांतील बहुतेक पाणी उडून पांढरी भुकटी होते. पाणी मिळतांच ती पुन्हां मूळ रूपावर येते व अर्ध्या तासाच्या आंत घट्ट होते. पॅरिस शहराजवळ हें खनिज विपुल निघे, म्हणून 'प्लॅस्टर ऑफ पॅरिस' हें नांव पडलें, आणि त्यावरून आपल्याकडे 'पी.ओ.पी.' असें सुटसुटीत झालें. जिप्समचा गिलावा थेट विटेवर बसतो, त्यास पाणी मारावें लागत नाहीं, आकसून केसासारख्या चिरा पडत नाहींत, आणि तो आपोआपच गुळगुळीत होतो. पाणी न लागणें हा गुण आम्ही हलका लेखीत नाहीं. वाशीम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर वसला आहे. काटेपूर्णा येथून उत्तरेस तापीच्या खोऱ्याकडे जाते, तर अडाण व अरुणावती यांचें पाणी पैनगंगेच्या खोऱ्याकडे. माथ्यावर पाऊस पडतो, पण पाणी राहत नाहीं. ज्या घरीं फाल्गुनापासून टँकरची वाट पाहावी लागते त्यांनीं जिप्समचा विचार केला तर त्यांस हंसूं नये.

पण पाणी जिप्समचा वैरी आहे. तें पाण्यांत थोडें थोडें विरघळतें, आणि सतत ओल मिळाल्यास मऊ पडून सुटूं लागतें. न्हाणीघर, स्वयंपाकघराचा मोरीकडील भाग, बाहेरच्या भिंती येथें त्याचें नांव काढूं नये. तळमजल्याच्या भिंतींस, जेथें ओल वर चढण्याचा संशय आहे तेथें, तर मुळींच नको. वरच्या मजल्यावरील कोरड्या खोल्यांस व छतास तें शोभतें. आसेगांवचें घर एकमजली आहे. शिवाय पाऊस न पाहिलेल्या नव्या छताखालीं वैशाखांत जिप्सम करणें म्हणजे आषाढांत काय होतें याची पैज लावण्यासारखें आहे; आणि जेथें हातांत रक्कम एकदांचीच आहे तेथें पैज लावूं नये.

गवंड्याचें मत पुट्टीचें. पुट्टी म्हणजे पांढरें सिमेंट, बारीक खनिज पूड आणि चिकटपणासाठीं घातलेलीं द्रव्यें. जुने रंगारी अशा भरणास 'लांबी' म्हणत व त्यासाठीं खडूची पूड आणि जवसाचें तेल वापरीत. पुट्टीचा उपयोग भिंतीचीं सूक्ष्म छिद्रें भरण्यासाठीं, भिंत सरळ करण्यासाठीं नव्हे. दोन हात मिळून तिची जाडी दीड मिलिमीटरच्या पुढें जातां कामा नये. जो गवंडी ओळंबा न धरतां वांकडा गिलावा करतो आणि 'पुट्टींत काढून घेऊं' म्हणतो, त्यास तेथेंच थांबवावें. गिलावा आंतून बारा ते पंधरा मिलिमीटर, सिमेंटच्या एका भागास चाळलेल्या वाळूचे पांच-सहा भाग असा असावा, आणि त्यावर निदान सात दिवस पाणी मारावें. पश्चिमेचें ऊन जिच्यावर येतें त्या भिंतीस गोणपाट ओलें करून लावावें. अलीकडे नदीच्या वाळूऐवजीं दगड फोडून केलेली वाळू मिळते; तिचें वावडें नको, परंतु तींत धुरळा फार असला तर गिलाव्यास जाळ्यासारख्या चिरा पडतात, म्हणून ती धुऊन घेतलेली पाहावी. आणखी एक खोड लक्षांत ठेवण्यासारखी आहे. गुळगुळीत दिसावें म्हणून कांहीं गवंडी ओल्या गिलाव्यावर कोरडें सिमेंट शिंपडून घोटतात. मालक खूष होतो. पण तें वरचें फाजील सिमेंटचें कातडें लौकरच तडकतें.

पुट्टी काचकागदानें घांसतांना जी धूळ उडते तिचा विचार कोणी करीत नाहीं. ती इतकी बारीक असते कीं दारें लावूनही पलीकडच्या खोलींत जाते. घांसणाराच्या तोंडास नुसता रुमाल पुरत नाहीं, धूळ गाळणारा मुखवटाच लागतो. आणि मातोश्रींसारख्या रोग्यास त्या दिवसांत दुसऱ्या घरीं ठेवणें हेंच योग्य. रंगाविषयींही तेंच. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम केंद्र सरकारनें २०१६ सालीं केला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अंमलांत आला. डब्यावर तसा स्पष्ट उल्लेख नसेल तर तो डबा घेऊं नये. रांगतीं मुलें भिंतीचे पोपडे तोंडांत घालतात.

गुळगुळीत म्हणजे किती, हेंही घर पाहून ठरवावें. भिंत जितकी चकचकीत तितके तिचे खड्डे-उंचवटे अधिक दिसतात. रात्रीं दिवा भिंतीजवळ धरून उजेड तिरपा पाडला तर भल्या भल्या गवंड्यांचें काम उघडें पडतें. कंत्राटदारास पैसे देण्यापूर्वीं ही परीक्षा अवश्य करावी. उलट मंद रंग पुष्कळ कांहीं झांकून नेतो. अकरा माणसांच्या घरांत भिंतीवर काय काय होतें पाहा: ओटीवर बसणारांचीं तेल लावलेलीं डोकीं टेकतात, देवघराच्या कोनाड्यावर काजळी धरते, फोडणीचा धूर, शाळेच्या पिशव्या, मुलांचे हात. जुन्या घरांत जमिनीपासून तीन-चार फूट तेलरंगाचा पट्टा असे; त्यास आतां जुनाट म्हणून हंसतात, पण पुसतां येणारी भिंत जेथें हात पोंचतो तेथेंच हवी, हा त्यांतला विचार पक्का होता. मात्र तो पट्टाही भिंत पुरती वाळल्यावरच द्यावा. भिंत कोणत्या प्रकारची करावी याची चर्चा पुरुषमंडळी ओटीवर करतात, आणि ती पुढें वीस वर्षें पुसावयाची बायकांनीं. तेव्हां ही चर्चा स्वयंपाकघराच्या दाराशीं झालेली बरी.

खर्चाचा अंदाज मापानें करावा. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा खोलीच्या चार भिंती ४४० चौरस फूट भरतात. छत धरून ५६०. म्हणजे दरांत चौरस फुटामागें एक रुपया इकडे-तिकडे झाला तर एका खोलीस ५६० रुपयांचा फरक. दारें-खिडक्यांचें माप वजा होणार कीं नाहीं, कोपरे व खिडक्यांच्या कडा धारेस आणून देणार कीं नाहीं, परांचीची मजुरी कोणाकडे, हें अगोदर लिहून घ्यावें. दर कमी असून माप ढिलें असणें हा प्रकार फार जुना आहे.

या सर्वांवरून आम्हीं आप्तांस कळविलें तें असें. वास्तुशांत अक्षय्य तृतीयेसच करावी; मुहूर्त व भिंत यांचें वैर नाहीं. नीरूचा जाणता गवंडी मिळाला तर नीरू करावा, कारण तो एकाच वेळीं गुळगुळीतपणा देतो व भिंतीस वाळूंही देतो. वर्षभर त्यावर रंग चढवूं नये. गवंडी न मिळाला तर माघ-फाल्गुनांत सिमेंटचा सरळ, साधा गिलावा करून पाणी भरपूर मारावें, वर चुन्याची एक पातळ सफेती द्यावी आणि घरांत राहावयास जावें. एक पावसाळा पाहावा. कोठें ओल उठते, कोठें चीर जाते, कोणत्या खिडकीच्या सज्ज्यावरून पाणी आंत येतें, हें सफेती स्वच्छ सांगेल, कारण ती कांहीं लपवीत नाहीं. तीं स्थळें दसऱ्यानंतर दुरुस्त करून कार्तिक-मार्गशीर्षांत पुट्टी व रंग करावा.

त्यांचें दुसरें पत्र आलें. चौकशीअंतीं तालुक्याच्या गांवीं एक वृद्ध मिस्त्री सांपडले. नीरूचें काम करून त्यांस बरींच वर्षें झालीं होतीं, आणि साऱ्या घरास हात घालण्याची त्यांची उमेद नव्हती. पण दोन खोल्या करून देईन म्हणाले. एक मातोश्रींची खोली व एक देवघर. बाकीच्या भिंतींस सफेती ठरली आहे. धाकट्या वहिनींनीं मात्र एक रास्त शंका विचारली आहे: सफेतीवर पुढें पुट्टी धरेल काय? धरणार नाहीं. सफेतीचा थर सैल असतो व त्यावर ओढलेली पुट्टी त्याच्यासह सुटते. म्हणून सफेती एकच हात व पातळ द्यावी, तींत डिंक किंवा सरस घालूं नये, आणि दसऱ्यानंतर ती पाण्यानें भिजवून, पातळ पत्र्यानें खरडून, भिंत धुऊन व वाळवून मगच पुट्टीस आरंभ करावा. या खरडण्याची मजुरी आतांच हिशोबांत धरून ठेवावी.